कूलरसमोरची जागा

मुलगी आमच्याकडे राहणार की पारशिवनीला तिच्या आत्याकडे, हे आम्हाला त्या उन्हाळ्यात बारा दिवसांत ठरवायचं होतं. ती आठ वर्षांची होती, तिसरीत जाणार होती. शाळा जूनच्या शेवटी उघडणार होत्या. माझी मोठी नणंद तिकडच्या मुख्याध्यापकांशी बोलून आली होती. इकडचा दाखला नेला की तिकडे नाव घालायचं, एवढंच बाकी होतं. कारण साधं होतं. पारशिवनीला मुलीला दम लागत नव्हता आणि नागपुरात, आमच्या घरात, लागत होता.

ही सत्तरच्या दशकाच्या शेवटची गोष्ट आहे. आम्ही लकडगंजच्या मागच्या बाजूला राहायचो. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागे न्हाणीपुरतं अंगण. मी एका सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर होते. मुलीचे वडील एका वर्कशॉपमध्ये जळालेल्या मोटारी उघडून पुन्हा गुंडाळायचे. गल्लीच्या तोंडाशी आरा मशिनी होत्या. सकाळी आठला त्या सुरू झाल्या की दुपारपर्यंत खिडकीच्या गजांवर पिवळसर भुशाचा थर बसायचा. मी तो रोज पुसायचे आणि तो रोज बसायचा.

मुलीला पाचव्या वर्षी खोकला सुरू झाला. डॉक्टर म्हणाले, बालदमा आहे, धुळीपासून जपा. धूळ म्हणजे भुसा, हे उघडच होतं. मी त्याच आठवड्यात कामाला लागले. रस्त्याकडच्या दोन खिडक्या कायमच्या बंद केल्या आणि फटींत कापडाच्या पट्ट्या ठासल्या. गाद्यांना जाड खोळी शिवल्या. बुद्धवंदनेला मेणबत्ती आत आणि अगरबत्ती दाराबाहेर लावायची, असं ठरवलं. सासरे तेव्हा होते. त्यांनी दोन दिवस तोंड फुगवलं आणि मग स्वतःच अगरबत्ती बाहेर नेऊन लावू लागले.

पण खिडक्या बंद करून नागपूरचा एप्रिल काढता येत नाही. तेव्हा मुलीच्या वडिलांनी कूलर बनवला. पत्र्याची पेटी, वर्कशॉपमधून आणलेली जुनी मोटार, पंखा आणि पाणी वर चढवायला छोटा पंप. तीन बाजूंना लाकडाच्या कुरळ्या छिलक्यांच्या ताट्या. त्या छिलक्या आमच्याच गल्लीतल्या. पेटी त्यांनी तिसऱ्या खिडकीत बसवली आणि शेजाऱ्यांना समजावून सांगितलं की बाहेरची हवा ओल्या ताट्यांतून आत येते, म्हणजे भुसा बाहेर राहतो आणि आत येते ती धुतलेली हवा. हा शब्द त्यांचाच. पुढे गल्लीत कुणीही आलं की विचारायचं, काय गा, धुतलेली हवा चालू आहे का.

ज्यांनी नागपूरचा उन्हाळा काढला आहे त्यांना कूलरसमोरच्या जागेचं महत्त्व सांगायला नको. दुपारी जेवणं झाली की घरातली सगळी माणसं एका खोलीत आडवी होतात आणि कोण कुठे झोपणार हे मानाने ठरतं. पाहुणा आला तर पाहुणा, लेक बाळंतपणाला आली तर लेक, कुणी आजारी असेल तर आजारी. आमच्याकडे ती जागा मुलीची झाली. पंख्यापासून दोन हातांवर तिची गादी, डोकं थेट हवेच्या झोतात. सासरे भिंतीकडे, आम्ही दाराकडे. त्या जागेवर कधी कुणी हक्क सांगितला नाही.

पहिला उन्हाळा फार चांगला गेला. मुलीला मे महिन्यात एकदाही दम लागला नाही. वडील मिशीला हात लावून फिरायचे. दुसऱ्या उन्हाळ्यात दम परत आला आणि तिसऱ्यात वाढला. कूलरवर संशय घ्यायचं कारण कुणालाच दिसलं नाही. पहिल्या वर्षी त्यानेच तर तिला बरं केलं होतं.

मी वही सुरू केली. मला नोंदी ठेवायची सवय आहे. कामावर असताना ती सवय लागली आणि घरी आली, गेली नाही. दोनशे पानांची वही, उभ्या रेघा. तारीख, दम लागल्याची वेळ, सकाळपासून काय खाल्लं, घरी कोण आलं, वारा कसा होता, औषध कोणतं, किती वेळाने उतार. दर रविवारी मागची पानं वाचून मी एखादी गोष्ट बंद करायचे. दही बंद झालं. मग केळी, मग संत्री, मग तळलेलं, मग रात्री भिजवून ठेवलेलं काहीही. नागपुरात राहून आठ वर्षांच्या मुलीला संत्रं न देणं सोपं नव्हतं. मी ते वर्षभर जमवलं. वर्गातल्या मुली डब्यातली फोड तिच्यापुढे धरायच्या आणि ती मान हलवायची, हे मला तिच्या बाईंनी कौतुकाने सांगितलं. मीही ते कौतुक म्हणून ऐकलं.

त्या वहीत एक रकाना नव्हता. ती कुठे झोपली होती, हे मी कधी लिहिलं नाही. रोज एकाच जागी झोपायची, मग लिहायचं काय? बदलतं ते लिहायचं, ही माझी पद्धत. ताट्यांचंही तसंच. जून संपला की मी त्या काढून, वरवर वाळवून, पोत्यात घालून माळ्यावर ठेवायचे आणि मार्चअखेर पुन्हा काढायचे. वस्तू नीट ठेवली की टिकते, असं माझं मत. एकच जोड तीन उन्हाळे वापरला. टाकीतलं पाणीही आम्ही बदलत नसू, नुसती भर घालायचो, कारण नळ सकाळी तासभर यायचा आणि पाणी फेकून देणं आम्हाला पटणारं नव्हतं. कूलर लावला की खोलीत एक ओला, मातकट वास भरायचा. त्याला आम्ही गारव्याचा वास म्हणायचो.

तिसऱ्या उन्हाळ्यात, एप्रिलअखेर, आठवड्यातून दोनदा दम लागू लागला. वार्षिक परीक्षेचे दोन पेपर बुडाले. त्याच सुमारास नणंद एका लग्नासाठी नागपुरात आली. ती विधवा होती आणि तिला मूल नव्हतं. पारशिवनीपासून दोन मैलांवर तिची चार एकर शेती, एक जोडी बैल, दोन गाई. मुलीच्या वडिलांना तिनेच वाढवलं होतं, त्यामुळे आमच्या घरात तिचा शब्द शेवटचा असायचा. तिने मुलीकडे पाहिलं आणि मला न विचारता तिचे दोन फ्रॉक पिशवीत घातले. चार दिवस नेतो म्हणाली. मुलगी पाच आठवडे राहिली.

दर आठवड्याला पोस्टकार्ड यायचं. नणंदेला लिहिता येत नसे, मुलीकडून लिहून घ्यायची. प्रत्येक कार्डात दम लागला नाही हे वाक्य, आणि खाली काय काय खाल्लं त्याची यादी. मला ती यादी वाचवत नसे. ताक, आंबे, शिळी भाकर, पुन्हा ताक.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मी रजा काढून चार दिवस तिकडे गेले. वही सोबत होती. मी सगळं पाहून लिहिलं. अंगणात चूल, तिच्यात कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या जळायच्या. गोठ्यात शेण आणि कडबा. धुळीचं तर विचारूच नये. मुलगी यातून दिवसभर अनवाणी फिरायची, दुपारी कडुनिंबाखाली बाजेवर झोपायची आणि तिची छाती साफ होती. चौथ्या दिवशी माझी पानं भरली होती आणि मला एकही गोष्ट कळली नव्हती.

नणंद शेंगा फोडत बसली होती. माझ्या वहीकडे पाहून म्हणाली, "त्यात का लिहून राहिली वं रोज?"

मी सांगितलं, काय खाते, किती वाजता उठते.

"मले वाचता येत नाही. पण पोरगी धावून राहिली, ते दिसते." मग तिने शेंगांचं सूप बाजूला ठेवलं. "तिले इथंच राहू दे. शाळा आहे, मी आहे. तू महिन्यातून येत जा."

मी म्हटलं, "ताई, तिचे बाबा आहेत, मी आहे. तिचं घर नागपूर आहे."

"मग तुह्या घरी तिले दम काहून लागते?"

ती भांडत नव्हती, खरंच विचारत होती. शेवटी असं ठरलं की मी मुलीला घेऊन जावं. शाळा उघडायला बारा दिवस होते. तेवढ्या दिवसांत दम लागला नाही तर ती नागपुरात राहील. लागला तर शेवटच्या रविवारी नणंद येईल आणि दाखल्यासकट घेऊन जाईल. मुलीच्या वडिलांना मी आल्यावर हे सांगितलं. ते बराच वेळ पक्कडीने काहीतरी आवळत राहिले. मग म्हणाले, एक वर्ष ठेवून पाहायला हरकत नाही, ताईच्या हातची मीही भाकर खाल्ली आहे. त्यांचा तिच्याकडे कल होता, हे मला आवडलं नाही.

मुलगी आली त्या दिवशी बस सकाळी अकराच्या आत पोहोचली. दोन तास खिडकीत बसून धूळ खात आली होती आणि श्वास उत्तम होता. तसं मी लिहिलं. वडिलांनी तिच्या येण्याची तयारी केली होती. कूलरला बाहेरून रंग दिला होता. ताट्या नव्या सुतळीने घट्ट बांधल्या होत्या. टाकीत वाळ्याची जुडी सोडली होती. तिची गादी नेहमीच्या जागेपेक्षा अजून वीतभर पुढे सरकवली होती. जेवायला मी फक्त वरण-भात दिला, संशयाला जागा नको म्हणून.

दीड वाजता ती झोपली. सव्वादोनला खोकला सुरू झाला. पावणेतीनला ती उठून बसली होती, खांदे वर-खाली होत होते आणि मानेजवळची कातडी आत ओढली जात होती. औषध दिलं, पाठ चोळली. पाचच्या सुमारास उतार पडला. दुसऱ्या दिवशी तेच, जवळजवळ त्याच वेळी. सासरे भिंतीकडून म्हणाले, आता काय बाकी राहिलं, पाठवून द्या लेकराला.

तिसऱ्या दिवशी मी रजा घेतली. जेवणं झाली, सगळे आडवे झाले. मी स्वयंपाकघरात भांडी पुसत होते. मुलगी गादीवरून उठली आणि मागच्या दाराच्या उंबऱ्यावर येऊन बसली. बाहेर लू चालू होती. अंगणातली फरशी पायाला चटका देत होती. मी तिला म्हटलं, आत जा, ऊन लागेल, तुझी जागा गार आहे.

"मले इथंच बसू दे ना आई."

मी दार लावायला पुढे झाले. तिने दाराची कडी धरून ठेवली. ती हट्टी मुलगी नव्हती, म्हणून मी थांबले.

"तिथं नाही झोपायचं मले," ती म्हणाली. "वास आला की छाती भरते."

"कशाचा वास?"

"कूलरचा."

मी तिला विचारलं की हे तिला केव्हापासून कळतं. मागच्या उन्हाळ्यापासून, ती म्हणाली. दोन उन्हाळे मी वहीत दही, केळी आणि पाहुणे लिहीत होते आणि तिला माहीत होतं.

"मग सांगितलं का नाहीस?"

"बाबांनी माह्यासाठी केला ना तो."

मी तिला उंबऱ्यावर बसू दिलं. ओला पंचा डोक्यावर टाकला आणि शेजारी बसले. साडेचारपर्यंत आम्ही तिथेच होतो. खोकला आला नाही. त्या दिवशी वहीत मी पहिल्यांदा जागा लिहिली.

मुलीच्या वडिलांना हे पटेना. ते रागावले नाहीत, पण समजावू लागले. प्रत्येक घरात कूलर आहे. डॉक्टरांच्या दवाखान्यात कूलर आहे. आजारी माणसाला गारवा द्यायचा की झळा? एक दिवस दम लागला नाही म्हणून काय सिद्ध होतं? त्यांचं शेवटचं म्हणणं बरोबर होतं. एका नोंदीने काही सिद्ध होत नाही. दिवस नऊ उरले होते.

त्यानंतरचे तीन दिवस मी ऑफिसला गेले नाही. मुलीला दुपारी स्वयंपाकघरात मागचं दार उघडं ठेवून झोपवलं. तीनही दिवस दमाशिवाय गेले. वडील म्हणाले, चांगलंच आहे, पण औषधाचाही गुण असेल. तेव्हा मी पुढचं ठरवलं. चौथ्या दिवशी त्यांना जेवायला घरी बोलावलं, मुलीची गादी जुन्या जागी टाकली, औषधाची बाटली आणि गरम पाणी जवळ ठेवलं आणि तिला म्हटलं, अर्धा तास इथे झोप. ती माझ्याकडे बघत राहिली. मग आडवी झाली. मी कूलर लावला.

हे मी केलं. त्याला दुसरं नाव देण्यात अर्थ नाही. मुलीला दम लागतो की नाही हे तिच्या बापाला दाखवण्यासाठी मी तिला त्या झोतात झोपवलं आणि घड्याळ पाहत बसले. मला ते सुचलं याचं तेव्हा काही वाटलं नाही. नंतर वाटलं.

अर्धा तास लागला नाही. अठराव्या मिनिटाला ती खोकली. बाविसाव्या मिनिटाला शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. मी उठायच्या आत तिचे वडील उठले. त्यांनी तिला उचलून उंबऱ्यावर नेलं, माझ्याकडे न बघता परत आले आणि कूलरची वायर खेचून काढली. मग पेटीच्या मागच्या बाजूला गेले आणि सुतळ्या कापल्या. ताटी बाहेरून तांबूस दिसायची, आतून ती काळी होती. हाताला बुळबुळीत लागत होती आणि छिलक्यांच्या मध्ये करड्या रंगाची लव होती. टाकीच्या तळाशी बोटभर गाळ होता. ते हात धुवून आले आणि पायरीवर बसले.

"मी तिच्या तोंडावर हे सोडून राहिलो होतो," ते म्हणाले.

मी म्हटलं, ताट्या जपून मी ठेवत होते.

संध्याकाळी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतलं, बुरशीने असं होऊ शकतं म्हणाले, आणि चिठ्ठीवर औषध तेच लिहिलं. त्यांच्या मागे कूलर चालू होता. आम्ही मुलीला घेऊन बाहेरच्या बाकावर बसलो. नव्या ताट्या बांधून पाहायचा विचार कुणी काढला नाही. पेटीत पुढे कोळसे ठेवू लागलो.

उरलेले दिवस बिनकूलरचे गेले. पाऊस लांबला होता. खिडक्या उघडल्या, भुसा आत आला, मी ओल्या फडक्याने पुसत राहिले. धूळ निर्दोष होती असं मी म्हणत नाही. मुलगी शिंकायची, एक दिवस थोडी खोकलीही. दम मात्र लागला नाही. सासऱ्यांना घामोळं आलं. ते उघड्या अंगाने दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, आमच्या घरी सध्या न धुतलेली हवा आहे.

रविवारी नणंद आली. मुलीसाठी शाळेचं दप्तर शिवून आणलं होतं, खाकी कापडाचं. मी तिला सगळं सांगितलं. ऐकताना ती पदराने वारा घेत होती. रिकाम्या खिडकीकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं.

"तूच बनवला होता ना गा?" तिने विचारलं.

ते हो म्हणाले. दुपारी ती सगळ्यांबरोबर त्या भट्टीत आडवी झाली. मुलीला जवळ घेतलं आणि तिच्या पाठीला कान लावून पडून राहिली. मी झोपले नाही, तीही झोपली नाही. चारला उठली, तोंड धुतलं आणि म्हणाली, पाचची बस मिळते. दप्तर मुलीच्या गळ्यात घातलं. दाखल्याचा विषय काढला नाही.

बसस्टँडवर मुलगी आणि मी सोडायला गेलो. रस्त्यात नणंद म्हणाली की गाय व्यायली की निरोप पाठवीन, पोरीले पाहायचं होतं वासरू. मला तेव्हा कळलं की पाच आठवडे तिच्या घरात कुणीतरी होतं आणि आता नसणार. मी म्हटलं, दिवाळीत पाठवते. ती म्हणाली, पाहू.

बस लागली. ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं तसा काळा धूर आमच्या अंगावर आला. नणंदेने एक पाय पायरीवर ठेवला होता. मुलगी खोकली. आम्ही दोघी एकदम तिच्याकडे वळलो. ती आणखी एकदा खोकली, मग तिने नाक पुसलं आणि आमच्या तोंडांकडे पाहून म्हणाली, "काही नाही, ठसका लागला."

नणंद तशीच उभी राहिली, एक पाय पायरीवर, एक खाली. कंडक्टर म्हणाला, चला बाई, चढा नाहीतर उतरा. तिने हात लांब करून मुलीच्या छातीवर तळवा ठेवला आणि ठेवून राहिली. कंडक्टरने पुन्हा हाक मारली. मग ती चढली.